बोरीबंदरच्या म्हातारीची वंशावळ

‘टाइम्स ऑफ इंडिया’ या दैनिकाच्या इतिहासाविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळच्या सदरात एकत्र घेतले आहेत. काही प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते, ते उत्तराच्या सोयीसाठी जोडून घेतले आहेत.

प्रश्न : या दैनिकावर स्थापनेचे वर्ष १८३८ असे छापलेले असते. एका लेखात मात्र ते १८६१ मध्ये निघाले असे वाचले. यांतले खरे कोणते?

दोन्ही वर्षे खरी आहेत, पण ती दोन वेगवेगळ्या घटनांची आहेत. ३ नोव्हेंबर १८३८ रोजी, शनिवारी, मुंबईत ‘द बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ या पत्राचा पहिला अंक निघाला. ते दैनिक नव्हते. बुधवारी आणि शनिवारी असे आठवड्यातून दोनदा ते निघत असे. त्याचे दैनिकात रूपांतर १८५० मध्ये झाले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हे नाव मात्र १८६१ चे आहे. आधी ‘बॉम्बे टाइम्स’मध्ये ‘बॉम्बे स्टँडर्ड’ हे पत्र विलीन झाले, त्यानंतर ‘टेलिग्राफ अँड कुरिअर’ हेही येऊन मिळाले आणि या तिघांच्या एकत्रीकरणातून नव्या नावाचे पत्र उभे राहिले. कायद्याच्या आणि मालकीच्या दृष्टीने सलगता ‘बॉम्बे टाइम्स’शी असल्यामुळे वय १८३८ पासून मोजले जाते, आणि त्यात काही गैर नाही. ज्या वृत्तपत्राला आपले वय मोठे दाखवण्याची संधी मिळते, ते ती सहसा सोडत नाही. गंमत अशी की, ‘टेलिग्राफ अँड कुरिअर’मधल्या ‘कुरिअर’चे मूळ थेट अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातल्या ‘बॉम्बे कुरिअर’पर्यंत जाते. म्हणजे वंशावळच काढायची ठरवली, तर एक फांदी १८३८ च्याही बरीच मागे पोहोचते.

प्रश्न : मग हे भारतातील सर्वांत जुने वृत्तपत्र म्हणता येईल का?

नाही. भारतातले पहिले मुद्रित वृत्तपत्र कलकत्त्याचे ‘हिकीज बेंगाल गॅझेट’, ते १७८० मध्ये निघाले आणि दोन वर्षांतच बंद पडले. आजही चालू असलेल्या वृत्तपत्रांत मान ‘मुंबई समाचार’ या गुजराती पत्राचा आहे. फरदुनजी मर्झबान यांनी ते १ जुलै १८२२ रोजी सुरू केले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ही ‘बॉम्बे टाइम्स’च्या आधीचे, ६ जानेवारी १८३२ चे आहे, पण ते फार काळ चालले नाही.

प्रश्न : मुंबईत निघणाऱ्या, मोजक्या इंग्रज वाचकांच्या पत्राने एकदम ‘ऑफ इंडिया’ हे नाव कसे घेतले? त्या वेळी ते खरोखर देशभर जात होते का?

या सदराला आलेल्या सर्व प्रश्नांत हा आम्हाला सर्वांत कळीचा वाटला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘बॉम्बे टाइम्स’ निघाले ते वर्ष नीट पाहण्यासारखे आहे. १८३५ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल चार्ल्स मेटकाफ यांनी वृत्तपत्रांवरचे परवान्याचे जाचक निर्बंध उठवले होते, त्यामुळे नवे पत्र काढण्यातला सरकारी अडथळा दूर झाला होता. दुसरी आणि आमच्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट बंदराची होती. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझपर्यंत गेली आणि त्यानंतरच्या दशकात इंग्लंडचे टपाल केप ऑफ गुड होपला वळसा घालण्याऐवजी भूमध्य समुद्र, इजिप्तची जमीन आणि तांबडा समुद्र या वाटेने येऊ लागले. या वाटेवरचे भारतातले सर्वांत जवळचे मोठे बंदर मुंबई होते. लंडनची बातमी, मँचेस्टरचा कापसाचा भाव, संसदेतली चर्चा, युरोपातल्या युद्धाची हूल हे सगळे बोटीने आधी मुंबईत उतरे आणि मग कलकत्ता-मद्रासला जाई. ज्या शहरात बातमी आधी उतरते, त्या शहरातल्या पत्राला बाकीच्या देशाकडे पाहण्याची आपोआप सवय लागते. ‘जर्नल ऑफ कॉमर्स’ हे शेपूटही शोभेचे नव्हते. हे पत्र काढणारे मुंबईचे व्यापारी होते आणि त्यांना कापूस, अफू, जहाजांची ये-जा आणि हुंड्यांचे दर रोजच्या व्यवहारासाठी हवे होते.

त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांत एकामागून एक साधने येत गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. १८५५ मध्ये तारायंत्र सर्वसामान्यांसाठी खुले झाले. १८६६ मध्ये रॉयटर्सतर्फे हेन्री कॉलिन्स मुंबईत आला आणि भारतातले त्यांचे पहिले कार्यालय त्याने इथे उघडले. १८७० मध्ये मुंबईची लोहमार्गाची वाट जबलपूरला कलकत्त्याच्या वाटेशी जोडली गेली आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी बांधली गेली. ज्या मे १८६१ मध्ये पत्र नवे नाव मिरवू लागले, त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. अमेरिकी कापूस बंद झाल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैसा खेळू लागला, नव्या कंपन्यांचे पेव फुटले. तो फुगा १८६५ मध्ये फुटला खरा, पण त्या चार वर्षांत मुंबई हे केवळ एका इलाख्याचे ठाणे राहिले नव्हते.

हे सगळे ध्यानात घेतले, तरी १८६१ सालचे ‘ऑफ इंडिया’ हे वस्तुस्थितीपेक्षा महत्त्वाकांक्षेचेच नाव होते, असे आम्हाला वाटते. त्याचे वाचक इंग्रज अधिकारी, व्यापारी, लष्करातले लोक आणि इंग्रजी शिकलेले थोडे पारशी, हिंदू, मुसलमान गृहस्थ एवढेच होते. छपाई एकाच ठिकाणी होई आणि दूरच्या वाचकाला अंक टपालाने, कितीतरी शिळा होऊन मिळे. दिल्लीची स्वतंत्र आवृत्ती निघायला १९५० साल उजाडले. म्हणजे नाव आधी आले आणि पत्राला त्या नावाच्या मापाचे व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. त्यातही मालक, संपादक आणि वाचक हे तीन घटक वेगवेगळ्या वेळी भारतीय झाले. खालच्या काही उत्तरांत तोच धागा पुढे येईल.

प्रश्न : १८५७ मध्ये या पत्राची भूमिका काय होती? ते कायमच सरकारधार्जिणे होते असे म्हणणे योग्य आहे का?

सरसकट तसे म्हटले, तर एका माणसावर अन्याय होतो. त्याचे नाव रॉबर्ट नाइट.

१८५७ मध्ये ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक होते डॉ. जॉर्ज ब्युइस्ट. हे स्कॉटिश गृहस्थ साधे नव्हते. भूगर्भशास्त्र आणि हवामानशास्त्र यांत त्यांना गती होती, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम त्यांनी पाहिले होते आणि वाट चुकलेल्या मुलांना हस्तव्यवसाय शिकवणारी संस्था मुंबईत उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता. परंतु उत्तरेत उठाव झाल्यावर त्यांच्या लेखणीचा तोल सुटला आणि हिंदी लोकांविरुद्ध अत्यंत जहाल, सूडाची भाषा करणारे लेखन ते छापू लागले. पत्राच्या भागधारकांत नवरोजी फरदुनजी यांच्यासारखे भारतीयही होते. त्यांनी या लेखनाला हरकत घेतली, धोरण बदलण्याची मागणी केली आणि ब्युइस्ट हटत नाहीत असे दिसल्यावर १८५७ च्या अखेरीस त्यांना संपादकपदावरून जावे लागले. उठाव अजून पुरता शमलेला नसताना, इंग्रजी पत्राच्या इंग्रज संपादकाला हिंदी भागधारकांच्या आग्रहामुळे पद सोडावे लागते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. ब्युइस्ट यांनी नंतर काढलेले ‘स्टँडर्ड’ हेच पुढे ‘बॉम्बे टाइम्स’मध्ये विलीन झाले. त्यांचे पत्र परत आले, ते स्वतः मात्र परतले नाहीत.

त्यांच्या जागी आलेल्या रॉबर्ट नाइटने पत्राचा सूरच बदलला. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचे मोठे काम म्हणजे इनाम कमिशनवरची टीका. पेशवाईतून आणि त्याआधीपासून चालत आलेल्या इनामांचे दाखले तपासून, पुरावा अपुरा म्हणून ती खालसा करण्याचा सपाटा सरकारने मुंबई इलाख्यात लावला होता आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या असंतोषाचे ते एक मुख्य कारण होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला कागदाच्या एका तुकड्यावर तोलण्याचा हा कारभार अन्यायाचा आहे, हे नाइटने निर्भीडपणे मांडले. १८६१ चे विलीनीकरण आणि नवे नाव हेही त्याच्याच खटपटीचे फळ आहे. पुढे मुंबई सोडल्यावर त्याने १८७५ मध्ये कलकत्त्याला ‘स्टेट्समन’ काढले. देशातल्या दोन मोठ्या इंग्रजी दैनिकांच्या पायाशी एकाच माणसाचे नाव असावे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसावे, हे थोडे चमत्कारिकच आहे.

नाइट गेल्यानंतर मात्र पत्र हळूहळू राज्यकर्त्यांच्या बाजूला सरकले, हे नाकारता येणार नाही.

प्रश्न : लोकमान्य टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्याशी ‘टाइम्स’चा संबंध होता, असे ऐकले आहे. तो नेमका काय होता?

‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकात शिवजयंती उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता प्रसिद्ध झाली. त्यानंतर आठवड्याने, २२ जूनच्या रात्री पुण्यात चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. याच सुमारास ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘जस्टिस’ या टोपणनावाने पत्रे छापून आली आणि त्यांत ‘केसरी’तल्या मजकुराकडे सरकारचे लक्ष वेधले होते. हत्येचा आणि त्या लेखनाचा संबंध जोडण्याची हवा इंग्रजी पत्रांनी तयार केली, त्यात ही पत्रे आघाडीवर होती. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालून त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. १८९९ मध्ये लंडनच्या ‘ग्लोब’ने टिळकांचे नाव खुनाच्या मोहिमेशी जोडणारा मजकूर छापला आणि ‘टाइम्स’ने तो मुंबईत उद्धृत केला. तुरुंगातून सुटून आलेल्या टिळकांनी सरळ अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली आणि ‘टाइम्स’च्या संपादकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. ‘ग्लोब’लाही माफी मागणे भाग पडले. ज्या कायद्याने आपल्याला तुरुंगात घातले, त्याच कायद्याच्या दारात प्रतिपक्षाला उभे करण्याची ही रीत टिळकांच्या स्वभावाला धरूनच होती.

प्रश्न : ‘बेनेट, कोलमन आणि कंपनी’ या नावातले बेनेट आणि कोलमन कोण?

थॉमस ज्युएल बेनेट हे १८९२ मध्ये, हेन्री कर्वेन यांच्या मृत्यूनंतर, ‘टाइम्स’चे संपादक झाले. फ्रँक मॉरिस कोलमन हे छपाई-व्यवसायातले. या दोघांच्या भागीदारीतून कंपनीचे नाव आले आणि तेच आजही चालू आहे, मालकी मात्र तेव्हापासून पूर्णपणे पालटली आहे. कोलमन यांचा शेवट वाईट झाला. पहिल्या महायुद्धात, ३० डिसेंबर १९१५ रोजी, भारताकडे येणारी ‘पर्शिया’ ही प्रवासी बोट जर्मन पाणबुडीने क्रीट बेटाच्या दक्षिणेस बुडवली, तिच्यावर ते होते. बेनेट परत जाऊन ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले. १९०७ पासून १९२३-२४ पर्यंत संपादक असलेले सर स्टॅनली रीड यांनीही पुढे तीच वाट धरली. मुंबईत संपादक आणि मायदेशी गेल्यावर खासदार, ही परंपरा पाहिली की या पत्राचे मन कुठे होते ते वेगळे सांगावे लागत नाही.

बोरीबंदर स्थानकासमोरची प्रसिद्ध कचेरी विसाव्या शतकाच्या आरंभीची. तिच्यावरूनच ‘बोरीबंदरची म्हातारी’ हे टोपणनाव पडले. त्यात थोडी थट्टा होती आणि बराचसा धाकही.

प्रश्न : हे दैनिक भारतीयांच्या हाती कधी आणि कसे आले? विमा कंपनीच्या पैशांतून ते विकत घेतले गेले, असे वाचले. काही वर्षे ते सरकारने चालवले, हेही खरे आहे का?

१९४६ मध्ये उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांनी ‘बेनेट, कोलमन’ सुमारे दोन कोटी रुपयांना विकत घेतली. स्वातंत्र्य दिसू लागल्यावर इंग्रज मालकांनी काढता पाय घेणे स्वाभाविक होते. मात्र मालक बदलले म्हणून संपादक लगेच बदलले नाहीत. १९३२ पासून संपादक असलेले फ्रान्सिस लो १९४८ पर्यंत राहिले, त्यांच्या जागी आयव्हर जेहू आले आणि पहिले भारतीय संपादक फ्रँक मोराइस यांची नेमणूक झाली ती १९५० मध्ये. लाल किल्ल्यावर तिरंगा फडकल्यानंतरही दोन-अडीच वर्षे या ‘राष्ट्रीय’ दैनिकाचा अग्रलेख इंग्रज संपादकाच्या देखरेखीखाली निघत होता.

पैशांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि त्यात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत दालमिया समूहाच्या भारत इन्शुरन्स कंपनीतल्या गैरव्यवहारांवर घणाघाती भाषण केले. विमेदारांच्या पैशांची अफरातफर सिद्ध होऊन दालमियांना दोन वर्षांची कैद झाली. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यामागच्या कारणांत हे प्रकरणही होते. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की, दालमिया-जैन समूहाच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी सरकारने १९५६ मध्ये आयोग नेमला. त्याचे प्रमुख म्हणून आधी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एस. आर. तेंडोलकर यांची नेमणूक होती. दालमियांनी आयोगालाच आव्हान दिले आणि त्यातून १९५८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. समानतेच्या हक्काविषयी शिकणारा कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी तो ‘तेंडोलकर खटला’ म्हणून आजही वाचतो. आयोगाचे काम पुढे न्या. व्हिव्हियन बोस यांच्या अध्यक्षतेखाली पूर्ण झाले. ‘बेनेट, कोलमन’ ताब्यात घेण्यासाठी दालमियांनी आपण अध्यक्ष असलेल्या बँकेतला आणि विमा कंपनीतला पैसा फिरवला, असा निष्कर्ष या बोस आयोगाचा आहे. म्हणजे आपण वाचले ते निराधार नाही, पण कैद आणि वृत्तपत्राची खरेदी यांना एकाच वाक्यात गुंफू नये.

या काळात कारभार दालमियांचे जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे आला. दालमिया सुटून आल्यावरही तो त्यांना परत मिळाला नाही. जैन यांच्या व्यवस्थापनाने विस्तार मात्र झपाट्याने केला. १९५२ मध्ये ‘फिल्मफेअर’, १९५९ मध्ये ‘फेमिना’, मार्च १९६१ मध्ये ‘इकॉनॉमिक टाइम्स’ आणि १८ जून १९६२ रोजी आपला ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला. ‘मटा’चे पहिले संपादक द्वा. भ. कर्णिक, त्यांच्यानंतर १९६८ पासून गोविंद तळवलकरांचे प्रदीर्घ पर्व. नवे राज्य होऊन दोनच वर्षे झाली होती आणि इंग्रजी घराण्याला मराठी वाचकाची दखल घ्यावी लागली, असे आम्ही याचे वाचन करतो.

आता सरकारच्या ताब्याविषयी. बोस आयोगाच्या निष्कर्षांच्या आधारे केंद्र सरकारने कंपनीच्या व्यवस्थापनाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. २८ ऑगस्ट १९६९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. जे. एल. नैन यांनी अंतरिम आदेश देऊन जुने संचालक मंडळ बाजूला केले आणि नवे नेमले. त्याचे अध्यक्षपद दत्तात्रय काशिनाथ कुंटे यांच्याकडे गेले. कुंटे हे मुंबई विधानसभेचे माजी अध्यक्ष आणि त्या वेळचे कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातले खासदार होते. उद्योगाचा अनुभव नसलेल्या आणि विरोधी बाकांवर बसणाऱ्या माणसाच्या हाती देशातला एक मोठा वृत्तपत्रसमूह यावा, हा योगायोग मजेशीर होता. म्हणून ‘सरकारने चालवले’ हे वर्णन अर्धे बरोबर आहे. मंडळावर सरकारने नेमलेले संचालक होते, पण ते आले न्यायालयाच्या आदेशाने. ही व्यवस्था सात वर्षे चालली आणि १९७६ मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत, कंपनी शांतिप्रसादांचे पुत्र अशोककुमार जैन यांच्याकडे परत गेली. परत करण्यासाठी निवडलेली वेळ पाहिली की भुवया उंचावतातच.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. ‘बेनेट, कोलमन विरुद्ध भारत सरकार’ हा वृत्तपत्र-स्वातंत्र्याचा खटला याच काळातला आहे. कंपनी सरकारनियुक्त मंडळाकडे असताना तिने सरकारविरुद्ध खटला कसा लढवला?

आपली शंका नेमकी आहे. तो निर्णय ३० ऑक्टोबर १९७२ चा. वृत्तपत्रांचा कागद तेव्हा मोठ्या प्रमाणावर आयात होई आणि सरकार त्याचा कोटा ठरवून देई. १९७२-७३ च्या धोरणाने त्यात नव्या अटी घातल्या. कोणत्याही दैनिकाने दहापेक्षा जास्त पाने काढू नयेत. एकाच मालकाने, स्वतःच्या कोट्यातला कागद वाचवूनसुद्धा, नवे पत्र किंवा नवी आवृत्ती सुरू करू नये. एका पत्राचा कागद दुसऱ्याला वापरू नये. लहान पत्रांना वाव मिळावा आणि मक्तेदारी मोडावी, हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता.

खटला केवळ कंपनीच्या नावावर नव्हता. कंपनी ही ‘नागरिक’ नसल्यामुळे तिला भाषणस्वातंत्र्याचा मूलभूत हक्क मागता येत नाही, ही अडचण होतीच. म्हणून भागधारक, संपादक अशा व्यक्ती अर्जदार झाल्या होत्या, आणि इतर मोठ्या दैनिकांचेही अर्ज सोबत होते. भागधारकाला स्वतःच्या हक्कासाठी दाद मागता येते असे बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात ठरल्यापासून ही वाट मोकळी झाली होती. भागधारकाचा हक्क संचालक मंडळ कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून नसतो, त्यामुळे आपल्याला दिसलेली विसंगती कायद्यात अडसर ठरली नाही.

पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी धोरण रद्द ठरवले. पाने कमी करणे म्हणजे जाहिराती कमी करणे, जाहिराती कमी म्हणजे उत्पन्न कमी, आणि शेवटी त्याचा फटका खपाला आणि मजकुराला बसणारच, हा युक्तिवाद बहुमताने मान्य केला. न्या. के. के. मॅथ्यू यांचे भिन्नमत मात्र जरूर वाचा. भाषणस्वातंत्र्य हे केवळ ज्यांच्याकडे छापखाना आहे त्यांचेच असते का, कागदाची न्याय्य वाटणी हीसुद्धा त्याच स्वातंत्र्याची गरज नाही का, असा त्यांचा रोख होता. आज चार-दोन समूहांच्या हाती बहुतेक माध्यमे असताना ते मत आम्हाला बहुमतापेक्षा अधिक ताजे वाटते.

प्रश्न : आणीबाणीत लोकशाहीच्या मृत्यूची जाहिरात याच दैनिकात छापली गेली होती ना?

होय. २८ जून १९७५ च्या मुंबई आवृत्तीत, निधनवार्तांच्या छोट्या जाहिरातींत. आणीबाणी जाहीर होऊन पुरते तीन दिवसही झाले नव्हते आणि सेन्सॉर बसला होता. जाहिरातीतले मृत गृहस्थ होते ‘ओक्रसी, डी. ई. एम.’. आद्याक्षरे आडनावाच्या पुढे आणली की ‘डेमॉक्रसी’ होते. ते टी. रूथ यांचे, म्हणजे सत्याचे, प्रिय पती, एल. आय. बर्टी यांचे, म्हणजे स्वातंत्र्याचे, वडील. आणि फेथ, होप व जस्टिशिया यांचे बंधू. निधनाची तारीख २६ जून. मुंबईतल्या एका पत्रकाराने ती पैसे भरून दिली होती. अग्रलेख आणि बातम्या सेन्सॉरच्या हाताखालून जात होत्या, छोट्या जाहिराती घेणाऱ्या खिडकीकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. या धाडसाचे श्रेय त्या पत्रकाराचे आहे. संपादक मंडळाचा तो निषेध होता, असे काही ठिकाणी लिहिले जाते, त्याला आधार नाही.

प्रश्न : पूर्वी या दैनिकाच्या संपादकाला जे वजन होते ते आता नाही, असे ज्येष्ठ लोक म्हणतात. हे केव्हापासून झाले?

शामलाल, गिरिलाल जैन आणि पुण्याचे दिलीप पाडगावकर या संपादकांचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना फरक जाणवणे साहजिक आहे. पहिल्या पानावर आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ १९५१ पासून रोज हजेरी लावत असे, आणि अनेक घरांत अंक उघडला जाई तो आधी त्याच्यासाठी. बदल नव्वदच्या दशकात आला. अशोककुमार जैन यांचे पुत्र समीर जैन यांनी वृत्तपत्र हे विक्रीयोग्य उत्पादन आहे आणि त्याचा खरा ग्राहक जाहिरातदार आहे, ही भूमिका उघडपणे घेतली. किंमत खाली आणून प्रतिस्पर्ध्यांना जेरीस आणले गेले, शहरी जीवनशैलीच्या रंगीत पुरवण्या आल्या, ठिकठिकाणी आवृत्त्या निघाल्या. व्यवसाय म्हणून हे कमालीचे यशस्वी झाले आणि खपाच्या बाबतीत हे दैनिक इंग्रजी पत्रांत सर्वांत पुढे गेले. पुरवण्यांमध्ये पैसे घेऊन मजकूर देण्याची ‘मीडियानेट’ ही व्यवस्था आणि कंपन्यांच्या समभागांच्या बदल्यात जाहिराती छापण्याचे ‘प्रायव्हेट ट्रीटीज’ यांवर मात्र कडक टीका झाली, आणि आमच्या मते ती योग्यच होती. जाहिरात कुठे संपते आणि बातमी कुठे सुरू होते हे वाचकाला कळलेच पाहिजे. बाकी, ज्या पत्राच्या पहिल्या नावातच ‘जर्नल ऑफ कॉमर्स’ होते, ते व्यापाराकडे वळले याचे फार आश्चर्य करण्याचे कारण नाही.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातले जुने अंक संशोधनासाठी कुठे पाहायला मिळतील?

मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमधील ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांच्या फायली आहेत. काही फायलींचा कागद अतिशय ठिसूळ झाला असल्याने मूळ अंकाऐवजी सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) दिला जाण्याची शक्यता असते, म्हणून आधी चौकशी करून जावे. १८३८ पासूनचे अंक संगणकीय स्वरूपातही उपलब्ध झाले आहेत आणि ज्या विद्यापीठांनी त्या संग्रहाची वर्गणी भरली आहे, तेथील ग्रंथालयांतून ते शब्द घालून शोधता येतात. शोधताना १८६१ पूर्वीच्या काळासाठी ‘बॉम्बे टाइम्स’ हेच नाव घालावे, आणि गावांची व माणसांची नावे त्या काळच्या इंग्रजी वळणाने लिहून पाहावीत. ‘पुणे’ घातले तर फारसे काही हाती लागणार नाही, ‘पूना’ घातले तर पानेच्या पाने निघतात.